एक जोडी की दोन बूट

बसमध्ये माणसं काय काय विसरून उतरतात, या विषयात चिठ्ठीकाकांचा सव्वीस वर्षांचा अभ्यास होता. छत्र्या, डबे, चष्मे ही झाली किरकोळ बाब. मनापासून विसरणारा माणूस कवळी विसरतो, कुबडी विसरतो, दहा फुटी शिडी विसरतो. एकदा तर एक गृहस्थ सासूबाईंना विसरून उतरले होते. पण "मी कुठे हरवलेय, हरवलाय तो," असा पवित्रा सासूबाईंनी घेतल्यामुळे नोंद नेमकी कुणाची करायची हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

बस आगाराच्या तळघरात 'हरवले-सापडले' खातं होतं. चौदा लोखंडी रॅक, एक लांबलचक टेबल, एक खिडकी आणि तीन माणसं. खिडकीवर बसायची ती खिडकीताई. काचेच्या केबिनमध्ये बसायच्या त्या खातेप्रमुख. त्यांना अख्खं आगार नुसतं 'बाई' म्हणायचं, तेही आवाज खाली आणून. खात्यात सगळ्या गोष्टींची नोंद व्हायची, पण बाई हसल्याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. आणि या दोघींच्या मधे, आलेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधणारे म्हणून ते चिठ्ठीकाका.

खात्याचा नियम साधा होता. तळघरात जी वस्तू मालकाविना पंधरा मिनिटं पडलेली दिसेल, तिची नोंद व्हायची. एकदा केलेली नोंद खोडायची नाही. वस्तू मोठी असली तर चिठ्ठी बांधून रॅकवर. लहान असली तर पाकिटात घालून, पाकिटाला लाखेचं सील लावून, एका पोलादी कपाटाच्या वरच्या फटीतून आत. कपाटाची किल्ली बाईंकडे. मालकानं यायचं, तीन खुणा सांगायच्या, खुणा पटल्या की पावतीवर सही करून वस्तू न्यायची.

हा नियम काकांच्या डोक्यातून कधीच हातात उतरला होता. हात आपले आपणच काम करायचे. काकूंनी जेवणाच्या टेबलावर ठेवलेला चष्मा परत उचलावा, तर दांडीला चिठ्ठी लटकत असायची: 'चष्मा, बायकांचा, डाव्या काचेवर ओरखडा.' काकू म्हणायच्या, "अहो, मालक समोर बसलाय. त्याला विचारायचं तरी."

काकांचं दुःख वेगळंच होतं. त्यांच्या कामाबद्दल त्यांना कुणी म्हणजे कुणी काही विचारत नसे. काकूंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे काकांचे साडू, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. नातेवाईक जमले की साडूंना विचारायला रांग लागायची. पॉलिसी कुठली घेऊ, हप्ता कधी भरू. काकांची पाळी आली की साडू पाठीवर थाप मारून म्हणायचे, "काय, छत्र्या बऱ्या आहेत ना?" आणि उत्तराची वाट न पाहता वाढून घ्यायला उठायचे. काकांकडे सव्वीस वर्षांचे किस्से तुंबून राहिले होते. तोंड उघडावं तर काकू म्हणायच्या, "कवळीचा ना? झालाय सांगून."

ऐकणारं माणूस एकच होतं. काकांच्या बहिणीची मुलगी. ही भाची दिवसा लग्नांचं चित्रीकरण करायची आणि उरलेल्या वेळात सिनेमा काढायची स्वप्नं बघायची. एका रविवारी जेवायला आली असताना काकांनी तिला बुटांचा किस्सा सांगितला.

झालं होतं असं की, अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी एका बसमध्ये तपकिरी बूट सापडला, डाव्या पायाचा. त्याच संध्याकाळी भलत्याच मार्गावरच्या बसमध्ये सापडला तसाच तपकिरी बूट, उजव्या पायाचा. काकांनी दोन्ही एका दोऱ्यात बांधले आणि एक नंबर घातला. बाईंनी दोरा कापला. त्यांचं म्हणणं, बस दोन, वेळा दोन, म्हणून वस्तू दोन. शिवाय पट्टी लावून त्यांनी दाखवून दिलं की उजवा बूट डाव्यापेक्षा दोन मापांनी मोठा आहे. काकांचं म्हणणं, रंग एक, नाडी एक, टाचेची झीज एकसारखी, म्हणजे जोडी. वाद तीन आठवडे चालला. मुख्य कार्यालयाकडे पत्र गेलं. उत्तर आलं, 'योग्य ती कार्यवाही करावी.' ते दोघांनीही आपल्याच बाजूचं मानलं. शेवटी बाई खातेप्रमुख, म्हणून चिठ्ठ्या दोन लागल्या. मालक कधी आलाच नाही. बूट अजून नऊ नंबरच्या रॅकवर शेजारी शेजारी होते, भांडलेल्या भावांसारखे, जवळ पण वेगळे.

भाचीचा घास हातातच राहिला. हसून हसून तिला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "मामा, हा सिनेमा आहे."

"बुटांचा?"

"बुटांचा नाही. तीन माणसं आयुष्यभर एका तळघरात बसतात आणि एका जोडीवरून एकमेकांचा जीव खातात, त्यांचा. मारामारी नाही, गाणं नाही, परदेशातला डोंगर नाही. मला फक्त तुमचं तळघर द्या."

"आणि पैसे?"

"ते नाहीत. म्हणून तर तळघर."

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपलं काम पडद्यावर येणार, लोक अंधारात गप्प बसून ते बघणार, आणि त्यात साडूही असणार. मध्येच उठून वाढून घ्यायलाही त्यांना जाता येणार नाही. तेवढ्या एका चित्रासाठी काका वाट्टेल ते करायला तयार झाले. वाट्टेल ते म्हणजे बाईंकडे परवानगी मागायला.

बाईंनी अर्ज तीनदा वाचला. "विनोदी आहे?"

"थोडासा," काका म्हणाले.

"कामाच्या जागेत विनोद कुठून आणणार?"

"तो बाहेरूनच आणणार आहेत, बाई."

बाईंनी चार रविवार दिले. पाचवा मिळणार नव्हता, कारण त्यानंतर तळघर रिकामं करून खातं वरच्या मजल्यावर हलणार होतं. अटी तीन: एकही वस्तू जागची हलता कामा नये, खात्याचे नियम रविवारीही लागू राहतील, आणि बाई स्वतः सिनेमात दिसता कामा नयेत. सिनेमात एक खातेप्रमुख आहे आणि तिचं काम खिडकीताई करणार आहे, एवढी बारीक गोष्ट काकांनी सांगितली नाही. ती कुणी विचारलीच नव्हती.

पहिल्या रविवारी भाचीची फौज उतरली. फौज म्हणजे ती, नाटकात कामं करणारे तिचे दोन मित्र, एक ध्वनिमुद्रण करणारी मुलगी, आणि कॅमेरा सांभाळणारा लांब्या, जो रॅकच्या वरच्या कप्प्यातलं शिडीशिवाय बघू शकायचा. दिवा म्हणून भाचीच्या आईचा टेबललॅम्प आला. त्याचा उजेड मऊ करायला जुनी चादर आली. कॅमेरा सरकवायला काकांच्या घरची सामान वाहायची ढकलगाडी आली. तिचं एक चाक कुरकुरायचं, म्हणून त्या चाकाला काकूंनी खोबरेल तेल पाजलं. मायक्रोफोन बांधायला केरसुणीचा दांडा. बूट लांब्याच्या घरून आले: डावा त्याच्या धाकट्या भावाचा, उजवा त्याचा स्वतःचा, आणि दोन्हींना एकच पॉलिश. त्यामुळे लांब्यानं अख्खा सिनेमा चपलांवर काढला.

वरच्या शेडमध्ये दर अकरा मिनिटांनी एक बस मागे यायची आणि तळघराचं छत घुमायला लागायचं. म्हणून प्रत्येक प्रसंग दहा मिनिटांत उरकायचा. नट एकमेकांवर ओरडायला लागले की खिडकीताई घड्याळ बघून म्हणायची, "आवरा, बस येतेय." हे वाक्य इतकं छान वाटलं की भाचीनं ते सिनेमातच घातलं.

अडचणी आल्या की भाचीचे डोळे लकाकायचे. पहिल्या रविवारी एका प्रसंगात मागे भिंतीएवढं जुनं घड्याळ दिसत होतं. दुसऱ्या रविवारपर्यंत त्याचा मालक येऊन ते घेऊन गेला. लांब्या कपाळाला हात लावून बसला. भाची म्हणाली, "उत्तम. आता एक माणूस घड्याळ नसलेल्या भिंतीकडे बघून वेळ सांगेल." आणि तो प्रसंग बघताना ध्वनिमुद्रणवाल्या मुलीला हसू आवरेना, तिला बाहेर जाऊन हसावं लागलं.

काका तर हवेत होते. रविवारची त्यांना अशी ओढ लागली की शनिवारी ते दाढी करून ठेवायचे. त्यांना सिनेमात काम होतं, स्वतःचंच, आणि एक वाक्यही होतं: "जोडी ही जोडीच असते, मग ती दोन गाड्यांतून का येईना." हे वाक्य ते आंघोळ करताना म्हणायचे, बूट घालताना म्हणायचे, भाजी चिरणाऱ्या काकूंसमोर हात पुढे करून म्हणायचे.

"हे मला सांगताय की बुटांना?" काकू विचारायच्या.

"तालीम आहे."

"मग बुटांसमोर करा. त्यांना कंटाळा येत नाही."

पण त्याच काकू दर रविवारी सात माणसांचा डबा घेऊन तळघरात यायच्या आणि कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सहज आले."

आता काकांच्या हातांबद्दल. पहिल्या रविवारी दुपारी लांब्यानं जाकीट खुर्चीवर टाकलं. पंधरा मिनिटांनी त्याला चिठ्ठी. मग टेबललॅम्पला चिठ्ठी. मग भाचीच्या संवादाच्या वहीला: 'वही, निळी, खाडाखोड फार.' टेबलाखाली काढून ठेवलेल्या बुटांना चिठ्ठी, अर्थात एकच, जोडी म्हणून. रविवारीही नियम लागू, त्यामुळे प्रत्येक वस्तू तीन खुणा सांगून, सही करून सोडवून घ्यावी लागायची. सगळे पोट धरून हसायचे. काकाही हसायचे आणि हसता हसता कुणाच्या तरी पाण्याच्या बाटलीला दोरा बांधायचे.

चौथ्या रविवारी सिनेमाचा शेवट काढला. सकाळपासून सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. नट चुकले नाहीत, बस आडव्या आल्या नाहीत, खिडकीताईनं पट्टी अशी धरली की दोन्ही नट संवाद विसरून तिच्याकडे बघत राहिले. काकांनी आपलं वाक्य हात वर करून, छाती फुगवून म्हटलं. शेवटचा प्रसंग झाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लांब्यानं कॅमेऱ्यातून मेमरी कार्ड काढलं, "मिनिटभर ठेवतो," म्हणत टेबलावर ठेवलं, आणि तो दिवा उतरवायला शिडीवर चढला. काका त्याच टेबलाशी ध्वनिमुद्रणवाल्या मुलीला विचारत होते, "माझा 'का येईना' नीट ऐकू आला ना?"

आवरून झाल्यावर कार्ड सापडेना.

चादर झटकली. ढकलगाडी उलटी केली. काकूंचे रिकामे डबे उघडून बघितले. लांब्यानं पँटचे खिसे बाहेर काढले, ते कुत्र्याच्या कानांसारखे लटकत राहिले. चौथ्या रविवारचं सगळं काम त्या नखाएवढ्या तुकड्यावर होतं: वादाचं टोक, पत्रवाचन, शेवट. एका छोट्या थिएटरनं येत्या शनिवारची दुपार दिली होती. परत काढायला तळघर मिळणार नव्हतं. भाची ओरडली नाही, रडली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून तिनं फक्त विचारलं, "मामा, शेवट नसलेला सिनेमा कोण बघेल?"

 काका अंधार पडेपर्यंत फरशी चाचपत राहिले.

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता काकांनी नोंदवही उघडली, आणि रविवारच्या पानावरची शेवटची ओळ वाचून त्यांची पाचावर धारण बसली. 'तुकडा, प्लास्टिकचा, काळा, नखाएवढा, एक कोपरा कापलेला. टेबलावर बेवारस. सीलबंद.' अक्षर वळणदार होतं. अक्षर त्यांचंच होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. फक्त इथे कळशाला लाखेचं सील होतं. हातांनी आपलं काम केलं होतं आणि डोक्याला कळवलं नव्हतं. काकांना आधी आनंदाची उकळी फुटली, की कार्ड आहे. मग त्यांनी पोलादी कपाटाकडे बघितलं. मग काचेच्या केबिनकडे. आनंद जागच्या जागी गोठला.

त्यांनी केबिनच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मालकाला बोलवा."

"बाई, ते त्यांचंच आहे, मी साक्षीला आहे."

"मालक तुमची भाची. नोंद करणारे तुम्ही. नातेवाईकाच्या दाव्यात नोंद करणाऱ्यानं पाच नंबरच्या रॅकपलीकडे थांबायचं. नियम एकवीस. तुम्हीच मला वाचून दाखवला होता."

भाची अर्ध्या तासात आली, केसही न विंचरता. काका पाच नंबरच्या रॅकमागे उभे राहिले, दोन हेल्मेटांच्या फटीतून एक डोळा लावून. खिडकीताईनं खिडकीवर 'थोड्या वेळात येते' ही पाटी लावली आणि ती कुठेही गेली नाही.

बाईंनी कपाट उघडलं, पाकीट टेबलावर ठेवलं, आणि पेनचं टोपण काढलं. "वस्तू?"

"मेमरी कार्ड. काळं. एक कोपरा कापलेला."

"तशी या कपाटात नऊ आहेत. कोपरा सगळ्यांचा कापलेला असतो. आत काय आहे ते सांगा. तीन खुणा."

रॅकमागे काकांनी हेल्मेट घट्ट धरलं. आत काय आहे ते सांगायचं म्हणजे बाईंना बाईंचंच सांगायचं.

"एक," भाची म्हणाली. "एक बाई टेबलाशी बसून पट्टीनं बूट मोजतात."

पेन थांबलं. "कोण बाई?"

"सिनेमातल्या. खातेप्रमुख."

"कुठला बूट?"

"उजवा. तपकिरी."

केबिनच्या काचेवर एक माशी चालत होती, तीही थांबल्यासारखी वाटली. बाईंनी हळूच मान वळवली. खिडकीताई ड्रॉवरमधल्या टाचण्या मोजायला लागली.

"खातेप्रमुखाचं काम कुणी केलंय?"

"खिडकीताईंनी."

"हिनं? हिला शिक्का तरी सरळ मारता येतो का?" बाई भाचीकडे वळल्या. "पट्टी कुठून लावली? टाचेकडून की बोटांकडून?"

"बोटांकडून."

"टाचेकडून लावतात." बाईंनी लिहून घेतलं. "दुसरी खूण."

"खात्यात दोन पक्ष पडतात. एक जोडीवाले, एक दोन-बूटवाले. टेबलाच्या मधोमध चिकटपट्टी लावून हद्द ठरवतात. पण शिक्क्याची पेटी नेमकी पट्टीवर येते. मग ज्याला शिक्का हवा त्यानं समोरच्या पक्षाची लेखी परवानगी घ्यायची. आणि त्या परवानगीवर शिक्का लागतो."

खिडकीताईच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज आला. तिनं तो खोकल्यात घातला.

"तिसरी."

"मुख्य कार्यालयाचं पत्र येतं, 'योग्य ती कार्यवाही करावी.' ते तीनदा वाचतात. जोडीवाले असं वाचतात की जोडीवाल्यांचं बरोबर. दोन-बूटवाले असं वाचतात की त्यांचं बरोबर. तिसऱ्यांदा ते चहावाल्याला वाचायला देतात, तर तो म्हणतो, यात माझ्या चहाचं काहीच नाही."

तीन झाल्या. काकांनी बोटांवर मोजल्या होत्या. आता बाई शिक्का मारणार, पाकीट देणार आणि पुन्हा जन्मात सिनेमाचं नाव काढू देणार नाहीत. काकांचा जीव हेल्मेटात अडकला होता.

बाईंनी शिक्का उचलला नाही. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "पुढे?"

भाचीला वाटलं, खूण पटली नाही. "चौथी सांगू?"

"पुढे काय होतं ते सांगा. मग बाई काय करते?"

भाचीनं सांगितलं. सुरुवातीला ती खुणा सांगत होती. हळूहळू ती सिनेमा सांगायला लागली. हातवारे सुरू झाले. पक्षांतर करणाऱ्या नव्या कारकुनाचा प्रसंग तिनं दोन्ही आवाजांत करून दाखवला. बाई मधेमधे हटकायच्या. "नोंदवही लाल नसते, हिरवी असते." "साडेपाचनंतर खिडकी बंद, तो माणूस आलाच कसा?" पण हटकून झालं की लगेच म्हणायच्या, "बरं, मग?" खिडकीताई खुर्ची ओढून जवळ आली. काका तीन नंबरच्या रॅकपर्यंत कधी सरकले ते त्यांना कळलं नाही आणि कुणी त्यांना मागे ढकललंही नाही. वर बस येऊन गेली, छत घुमलं, भाची थांबली, आणि बाईंनीच बोट वर करून सांगितलं, "आता बोला."

"आणि शेवटी मालक येतो," भाची म्हणाली. "डावा बूट घालतो. बरोब्बर बसतो. उजवा घालतो. तोही बरोब्बर बसतो. बाई विचारतात, या दोन बुटांत दोन मापांचा फरक आहे, दोन्ही तुम्हाला कसे बसले? तो म्हणतो, माझे पाय असेच आहेत."



मग एक आवाज आला. काकांना आधी वाटलं, पोलादी कपाटाची बिजागरी करकरली. पण कपाट बंद होतं. आवाज बाईंकडून येत होता. ओठ घट्ट मिटलेले, खांदे हलत होते, आणि चष्म्याआडून पाणी वाहत होतं. खिडकीताईनं काकांकडे बघितलं, काकांनी खिडकीताईकडे, आणि दोघांनीही बघितलं नाही असं ठरवलं.

बाईंनी चष्मा पुसला. चेहरा जागेवर आणला. "म्हणजे शेवटी जोडीच ठरली."

"हो," भाची म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. आता तिला वाटलं, गेलं.

"पावत्या किती फाडल्या?"

भाचीनं रॅककडे बघितलं. खोटं बोलायचं असतं तर हीच वेळ होती. पण नेमकं खरं उत्तरच उपयोगाचं होतं. "दोन."

"एका माणसाला?"

"नोंदी दोन होत्या ना."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी शिक्का मारला, सरळ. "इथे सही करा. आणि इथे. सिनेमा कधी आहे?"

शनिवारी दुपारी त्या छोट्या थिएटरच्या साठ खुर्च्यांवर सत्तर माणसं बसली होती. अर्धी भाचीच्या ओळखीची, उरलेली बाहेर लावलेलं बुटांचं चित्र बघून आत शिरलेली. लांब्या दारात उभा होता, अजून चपलांवर. साडू आणि त्यांची बायको तिसऱ्या रांगेत होते, काकूंनी बहिणीला फोन करून सांगितलं होतं, "नाही आलात तर तुमच्याकडची पॉलिसी मोडते." बाई शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसल्या होत्या.

काकांनी पहिली पंधरा मिनिटं पडदा बघितलाच नाही. ते साडूंची मान बघत होते. मान स्थिर होती. मग घड्याळ नसलेल्या भिंतीकडे बघून तो नट म्हणाला, "पावणेचार झाले," आणि साडूंची मान हलली. हद्दीच्या चिकटपट्टीच्या प्रसंगाला साडू सबंध हलायला लागले. काकांना एकदम जाणवलं की थिएटर हसतंय, आणि हे हसणं थट्टेचं नाही. ज्यांच्या ज्यांच्या कचेरीत शिक्क्याची पेटी भलत्या जागी असते ते सगळे हसत होते. शेजारच्या रांगेतली एक अनोळखी बाई नवऱ्याला कोपरानं ढोसत होती, "आमचा साहेब. अगदी आमचा साहेब."

काका आपल्या वाक्याची वाट बघत बसले. वादाचा प्रसंग आला. नट भांडले, खिडकीताईनं पट्टी उगारली, आणि वाक्य आलंच नाही. भाचीनं ते कापून टाकलं होतं. इतक्यात पडद्यावर मागे कोपऱ्यात ते स्वतःलाच दिसले. पुढे दोन माणसं घसा फोडून भांडताहेत, आणि मागे हे गृहस्थ शांतपणे लांब्याच्या पाण्याच्या बाटलीला चिठ्ठी बांधताहेत. बांधून झाल्यावर त्यांनी ती जरा लांबून बघितली, गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली. कॅमेरा चालू आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. अख्खं थिएटर खो खो हसलं. काकू इतक्या हसल्या की त्यांनी काकांचाच हात पकडला.

"अहो, घरीसुद्धा अस्सेच करता," त्या कानात म्हणाल्या. "मी कधी नीट बघितलंच नव्हतं."

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक टाळ्या वाजवत बाहेरच्या चिंचोळ्या जागेत आले आणि तिथेच घोटाळत राहिले. भाचीभोवती गर्दी झाली. साडू मात्र गर्दी कापत सरळ काकांकडे आले. पाठीवर थाप मारायला त्यांनी हात उचलला, आणि तो तसाच काकांच्या खांद्यावर ठेवला.

"एक सांग. हे खरंच झालं होतं?"

"झालं होतं. मालक तेवढा आला नाही."

"म्हणजे बूट अजून तिथेच आहेत?"

"नऊ नंबरच्या रॅकवर. एक जोडी."

"दोन बूट," मागून आवाज आला. बाई होत्या.

"बाई, टाचेची झीज बघा ना," काका म्हणाले.

"माप बघा, माप."

"अहो, थांबा थांबा," साडू मध्ये पडले. ते बाईंच्या बाजूला जाऊन उभे राहिले. "या म्हणतात त्यात अर्थ आहे. दोन गाड्या, दोन वेळा. आमच्या विम्यातसुद्धा हे दोन वेगळे दावे होतील."

"मग नाडी? नाडी एकच कशी?" हे काकू म्हणाल्या, कमरेवर हात ठेवून.

"नाडी काय, दुकानात पन्नास मिळतात," साडूंची बायको म्हणाली.

"तुझा काय संबंध? तू बूट बघितलेस का?"

मघाची अनोळखी बाई आणि तिचा नवराही आत घुसले. ती जोडीवाली निघाली, तो दोन-बूटवाला. लांब्या मापाबद्दल काही सांगायला गेला तर त्याला दोन्हीकडून गप्प करण्यात आलं. थिएटरचा माणूस येऊन म्हणाला, "पुढच्या खेळाची माणसं खोळंबलीत, जरा बाहेर चला," तर साडूंनी त्याचाच दंड धरला आणि विचारलं, "समजा, तुम्हाला एक बूट सकाळी सापडला."

साडूंचा चेहरा लाल झाला होता. ते काकांच्या छातीवर बोट रोवून म्हणत होते, "तू सव्वीस वर्षं तिथे बसलास आणि एवढी साधी गोष्ट तुला कळत नाही?" काका त्यांच्याकडे इतक्या प्रेमानं बघत होते की साडूंचा राग आणखीच वाढला.

"सोमवारी ये," काका म्हणाले. "पट्टी घेऊन ये."

"येतो," साडू गरजले. "येतोच बघ. किती वाजता उघडतं तुमचं?"